उलटा कपॅसिटर

“उलटा लावलायस तू,” शेंडगे साहेब म्हणाले, आणि जळकं कार्ड त्यांनी पेनच्या टोकानं माझ्याकडं ढकललं. “ह्या कबुलीवर सही कर आणि जा.”

कार्डाच्या मधोमध काळा डाग पडला होता. आदल्या दिवशी तिथं वीज साठवणारा अंगठ्याएवढा कपॅसिटर उभा होता. आता त्याचे दोन पाय तेवढे उरले होते, बाकी सगळ्या चिंध्या. त्याचं ॲल्युमिनियमचं कवच उडालं ते थेट पद्मा चौगुलेच्या उजव्या डोळ्यावर. पद्मा माझी मैत्रीण. ती मिरजेच्या दवाखान्यात पडली होती आणि मी मॅनेजरच्या केबिनमध्ये उभी होते. बस म्हणायची कुणाला बुद्धी झाली नव्हती.

“मी उलटा लावला नाही,” मी म्हणाले.

“मग कुणी लावला? कार्ड तुझ्या टेबलावरचं.”

“कार्ड माझंच. पण उलटा नाही लावला. आणि लावला असता तर पद्मानं पकडला असता की. ती आधी ते बघते आणि मगच सप्लाय लावते.”

“पद्माला ते बघितल्याचं आठवत नाही. डोळा फुटलेल्या बाईला काय आठवणार? आणि आवाज खाली ठेव.”

“माझा आवाज असाच आहे.”

खरंच असाच आहे. आई म्हणायची, ह्या पोरीला कुजबुज म्हटलं तरी शेजारीण दार उघडून बघती. मी सही केली नाही. केबिनचं दार मात्र असं आपटलं की बाहेर चहा घेणारा शिपाई दचकला.

त्याला आता कितीतरी वर्षं झाली. सांगलीजवळच्या औद्योगिक वसाहतीत आमचा तो लहानसा कारखाना. खेड्यापाड्यातल्या टेलिफोन एक्स्चेंजला लागणारी कार्डं आम्ही बनवायचो. सोलरच्या बॅटरीचे चोवीस व्होल्ट आत घ्यायचे आणि अठ्ठेचाळीस करून बाहेर द्यायचे, एवढंच त्या कार्डाचं काम. मी सुटे भाग बसवून सोल्डर करायचे आणि पुढच्या टेबलावर पद्मा ते कार्ड चालवून तपासायची. कपॅसिटरला अधिक आणि उणे अशा दोन बाजू असतात. लांब पाय अधिकचा, आणि उणेच्या अंगाला कवचावर पांढरी पट्टी. उलटा बसला तर तो तापतो, फुगतो आणि फुटतो, हे आयटीआयच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. पण सोल्डर झाल्यावर आम्ही दोन्ही पाय कापून सारखे करायचो, त्यामुळं लांब कुठला होता ते आता कळायला मार्ग नव्हता. पांढरी पट्टी तर कवचाबरोबर फाटूनच गेलेली.

म्हणजे मी तो उलटा लावला हे त्यांना दाखवता येत नव्हतं, आणि सरळ लावला हे मला. अशा वेळी खरं कुणाचं मानतात? जो खुर्चीत बसलाय त्याचं.

साहेबांसमोर मी ताठ उभी राहिले, पण सायकल काढून घराकडं निघाले तेव्हा ते कार्ड आठवायला बघितलं. मला ते आठवतच नव्हतं. कसं आठवणार? दिवसभर हात आपोआप चालतात. भाकरी थापताना कितवी थापली, कशी थापली, आठवतं का कुणाला? नव्व्याण्णव वेळा सरळ लावणारे हात शंभराव्या वेळी चुकले नसतील कशावरून? त्या विचारानं मला माझाच राग यायला लागला. शेंडग्याचा राग परवडला. तो माणूस संध्याकाळी घरी जातो. आपला राग आपल्याबरोबर अंथरुणात येतो.

पद्मा आणि मी आयटीआयला एका बाकावर होतो. कारखान्यात पहिली मी लागले, मग साहेबांच्या मागं लागून लागून तिला लावलं. माझ्या डब्यातला खर्डा तिला, तिच्या डब्यातले घावन मला, असं आमचं ठरलेलं. ती हसायला लागली की थांबायची नाही, आणि मी भांडायला लागले की. त्यामुळं आमचं बरं जमायचं.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेले. तिची आई वॉर्डाच्या दारातच उभी. मला बघितलं आणि तिनं हात आडवा धरला.

“कशाला आलीस? दुसरा डोळा राहिलाय म्हणून?”

एरवी मला असं कुणी बोललं असतं तर मी त्याच्या सात पिढ्यांची चौकशी केली असती. त्या दिवशी मान वर झाली नाही.

“येऊ दे गं आई तिला,” आतून पद्माचा आवाज आला.

मी आत गेले. अर्धा चेहरा बँडेजमध्ये, उरलेला सुजलेला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, डोळ्याची आशा धरू नका. मी पलंगाच्या पायथ्याशी गेले आणि तिच्या पावलांवर कपाळ टेकलं. माझ्या आयुष्यात मी देवळाबाहेर कुणाच्या अशी पाया पडले नव्हते.

“पद्मे, माझ्या हातनं झालं असंल तर…” मी हमसून हमसून रडले.

तिनं थोडं उठून माझ्या डोक्यावर हात ठेवला. “रडू नको. तू काय मुद्दाम केलंस का? मी माफ केलं तुला.”

तिची आईसुद्धा विरघळली. म्हणाली, “बघ, पोरीचं मन कसं आहे माझ्या.”

त्यानंतर मी रोज जायला लागले. कामावरून सुटले की मिरजेची बस. मऊ भात घेऊन जायचे, तिला हातानं भरवायचे, वेणी घालून द्यायचे. रोज रडायचे. रोज ती मला उगी करायची. वॉर्डातल्या बायका म्हणायच्या, मैत्रीण असावी तर अशी. त्या पद्माबद्दल म्हणायच्या, माझ्याबद्दल नव्हे.

शेवटी मी ठरवलं, सही करून टाकायची. नोकरी जाईल, जाऊ दे. पद्माचा डोळा गेला तिथं माझ्या नोकरीचं काय घेऊन बसायचं?

असं ठरवून मी शेंडगे साहेबांच्या केबिनमध्ये गेले. त्या दिवशी तिथं हेरवाडकर सरही बसले होते. ते आमचे डिझाइनचे इंजिनीअर, ते कार्ड त्यांनीच बनवलेलं. शांत माणूस, बोलायचा कमी, सगळ्यांना अहो-जाहो करायचा. मी पेन हातात घेतलं. सही करणार, तेवढ्यात शेंडगे साहेब त्यांच्याकडं वळून म्हणाले, “ह्या बायकांचं असंच असतं. तोंडं चालू, हात चालू, डोकं बंद.”

झालं. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. पेन टेबलावर आपटलं ते उडून खिडकीकडं गेलं.

“ह्या बायकांनी केलेल्या कार्डांवर तुमचा कारखाना चालतो साहेब! उलटा लावला म्हणताय ना? मग एक उलटा लावा माझ्यासमोर. चालवा. कसा फुटतो ते बघू दे मला. माझ्या डोळ्यांनी बघितलं की देते सही. एक सोडून दहा देते!”

“ही काय तमाशाची जागा आहे?” शेंडगे साहेब उठलेच.

“लावू या की,” हेरवाडकर सर म्हणाले. “त्यात काय एवढं. बघायलाच पाहिजे होतं आपण आधी.”

मी अक्कल लढवून बोलले होते असं कुणी समजू नका. मला फक्त कुणाच्या तरी अंगावर जायचं होतं, तोंडाला आलं ते बोलले.

टेस्टिंगच्या टेबलावर सरांनी एक नवं कार्ड घेतलं आणि मला म्हणाले, “तुम्हीच लावा, मुद्दाम उलटा.” मी लावला. त्यांनी कार्ड जाड प्लॅस्टिकच्या पेटीत ठेवलं, मीटर जोडला, सगळ्यांना मागं सरकवलं आणि स्विच दाबला.

मीटरचा आकडा जेमतेम हलला. कार्डातून सूं असा आवाज आला, कपॅसिटर डोळ्यांदेखत फुगला, वरून फाटला आणि धूर आला. अठ्ठेचाळीस तर लांबच, त्याच्या निम्म्यालाही आकडा पोचला नव्हता.

“बघितलंस?” शेंडगे साहेब म्हणाले. “फुटला की नाही?”

हेरवाडकर सर मात्र मीटरकडंच बघत होते. मग मला म्हणाले, “त्या दिवशी पद्मानं आकडा पुकारला होता का?”

आमच्या हॉलमध्ये पद्धतच होती. तपासणाऱ्या बाईनं मीटरवरचा आकडा मोठ्यानं पुकारायचा, म्हणजे टोकाला बसलेला लिहिणारा लिहून घेतो. दिवसभर आमच्या कानावर तेच.

“पुकारला होता,” मी म्हणाले. “अठ्ठेचाळीस, ओके. सगळ्यांनी ऐकलंय. मग थोड्या वेळानं आवाज झाला.”

“नक्की?”

“विचारा की कुणालाही!”

“मग तो सरळच होता,” सर म्हणाले. “उलटा असता तर अठ्ठेचाळीस आलेच नसते. आत्ता बघितलंत ना.”

आनंद वगैरे काही झाला नाही. एवढं सोपं होतं? इतके दिवस ह्यातल्या एकालाही एवढं करून बघावंसं वाटलं नाही? मी रोज रडत मिरजेला जात होते आणि ही माणसं पंख्याखाली बसून सहीची वाट बघत होती! मी बोलायला तोंड उघडलं, पण सर दुसऱ्याच विचारात होते.

त्यांनी एक चांगलं कार्ड जोडलं. त्याला लोड लावला. लोड म्हणजे जाड तारेच्या रेझिस्टरची पेटी. कार्डातून निघालेली वीज ती पेटी खाते, एक्स्चेंज खाईल तशी. मग त्यांनी कपॅसिटरच्या दोन पायांना व्होल्टेजची रेघ काढणारा स्कोप लावला. पडद्यावर करवतीच्या दातांसारखी बारीक रेघ उमटली.

“हे कपॅसिटरवरचं व्होल्टेज,” ते म्हणाले. शेंडगे साहेबांना सांगत होते, पण बघत माझ्याकडं होते. “छपरावरची टाकी समजा. कार्डातला स्विच एका सेकंदात हजारो झटके देतो आणि दर झटक्याला थोडी वीज कपॅसिटरमध्ये टाकतो. लोड तेवढीच काढून घेतो. म्हणून रेघ जरा वर, जरा खाली, पण सरासरी अठ्ठेचाळीसच. एका फेरीत जेवढं आत तेवढं बाहेर. माझा सगळा हिशोब ह्यावर उभा आहे.”

“मग ठीक आहे की सगळं,” शेंडगे साहेब म्हणाले.

“हो. नळ चालू असेल तोवर…” आणि सर बोलता बोलता थांबले.

त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. त्यांनी हात पुढं केला आणि चालू कार्डावरून लोडचे चिमटे काढले.

मीटर वर सरकायला लागला. पन्नास. पंचावन्न. साठ. कुणी काही करत नव्हतं आणि आकडा आपला चढतोय. तो कपॅसिटर त्रेसष्ट व्होल्टचा होता, त्याच्या अंगावरच छापलेलं असतं. सत्तरच्या पुढं गेला तसा सरांनी सप्लाय खाडकन बंद केला.

“लोड काढला तरी कार्डातला स्विच पूर्ण थांबत नाही,” ते हळू म्हणाले. “अगदी बारीक झटके देत राहतो. आत येतच राहतं, बाहेर जायला वाट नाही. आधी मी तिथं एक लहान रेझिस्टर ठेवला होता, ते जास्तीचं प्यायला. तो तापायचा. मागच्या वेळी कार्ड सुधारताना मी तो काढला. काढल्यावर लोड लावूनच सगळं मोजलं. लोडशिवाय परत मोजलंच नाही.”

“तुम्ही!” मी किंचाळले. “तुम्ही तिचा डोळा घालवलात, आणि सही माझी?”

“हो,” सर म्हणाले. “माझी चूक आहे. मी तसं लेखी देतो.”

आता असं सरळ हो म्हणणाऱ्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

शेंडगे साहेब मात्र अजून सुटायला बघत होते. “पण हेरवाडकर, लोड तर लावलेला होता. पद्माच्या जबाबात आहे तसं. मी स्वतः विचारलंय तिला.”

“लोड असेल तर हे होऊच शकत नाही. लोड काढलेला असणार.”

तो कसा निघतो ते हॉलमध्ये सगळ्यांनाच माहीत होतं. नियम असा की आधी सप्लाय बंद करायचा, मग लोड काढायचा. पण तीन टेबलांत मिळून लोडची पेटी एकच. एकीचं झालं की दुसरी ओरडायची, दे की लवकर. त्यामुळं चालू कार्डावरूनच चिमटे काढून शेजारणीला द्यायचे आणि मग स्विच बंद करायचा, असंच चालायचं. सुपरवायझरसुद्धा बघून न बघितल्यासारखं करायचा.

मी त्या पेटीकडं बघत राहिले. लोड काढल्याचं पद्माला माहीत होतं. तिच्याच हातांनी काढला होता. मग ती लावलेला होता असं का म्हणाली?

पुढं काय झालं ते आत्ताच सांगून टाकते, म्हणजे कुणाचा जीव टांगणीला लागायला नको. हेरवाडकर सरांनी चूक लेखी कबूल केली. लोड काढला म्हणून पद्माला दोष द्यायचा नाही, चालू कार्डावरून लोड निघाला तरी कार्डानं ते सोसायलाच पाहिजे, असं त्यांनी शेंडगे साहेबांना तोंडावर सुनावलं. गावोगाव गेलेली कार्डं परत मागवून तो रेझिस्टर पुन्हा बसवला. पद्माचा उपचार कंपनीनं शेवटपर्यंत केला. डोळा आला नाही. माझी नोकरी राहिली. शेंडगे साहेबांनी मला कधी सॉरी म्हटलं नाही, आणि मी त्यांना कधी नमस्कार केला नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी मी कुणालाही न सांगता गेटबाहेर पडले आणि मिरजेची बस धरली.

पद्मा पलंगावर उशीला टेकून बसली होती. आई औषधं आणायला खाली गेलेली. मला बघून तिनं नेहमीसारखं बाजूला सरकून जागा केली.

“आज लवकर सुटलीस?”

मी बसले नाही. “लोड काढला होतास?”

तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं.

“पद्मे, हो का नाही?”

“हो.”

“कपॅसिटर सरळ होता?”

ती भिंतीकडं बघतच म्हणाली, “पट्टी बघितल्याशिवाय मी सप्लाय लावते का कधी? सरळ होता. ओके पुकारलं, लोड काढून शेजारी दिला, आणि ओकेचा स्टिकर सापडेना म्हणून शोधत बसले. मग स्विच बंद करायला वाकले तर…”

“मग बोलली का नाहीस?”

“शेंडगे साहेब त्याच संध्याकाळी आले होते. म्हणाले, चालू कार्डावरनं लोड काढला असशील तर नियम मोडलास, मग दवाखान्याचं कंपनी बघणार नाही. आई समोर उभी होती. मी म्हटलं, लावलेला होता. मग ते म्हणाले, म्हणजे कपॅसिटरच उलटा. मी गप्प बसले.”

“तेवढं मला कळतं,” मी म्हणाले. आणि खरंच कळत होतं. “घाबरलीस, खोटं बोललीस. तुझ्या जागी मी असते तर कदाचित मीही बोलले असते. पण मी इथं येऊन तुझ्या पायावर डोकं ठेवलं पद्मे! तू माझ्या डोक्यावर हात ठेवलास आणि म्हणालीस, माफ केलं. कशाबद्दल गं? जे मी केलंच नाही, आणि केलं नाही हे तुला माहीत होतं, त्याबद्दल तू मला माफ कसं केलंस?”

नर्स दारात आली. “बाई, आवाज कमी करा. पेशंट आहेत इथं.”

“नाही करणार!” मी म्हणाले. “रोज केलंस माफ! रोज! मी रात्र रात्र झोपत नव्हते. हे हात तोडून टाकावेत असं वाटायचं मला. आणि तू माझ्याकडनं वेणी घालून घेत होतीस!”

पद्मा रडेल असं मला वाटलं होतं. पाया पडेल, हात धरेल. तसं काही झालं नाही. तिनं उरलेल्या डोळ्यानं माझ्याकडं नीट बघितलं.

“खरं सांगू?” ती म्हणाली.

“आता तरी सांग.”

“तू आलीस त्या पहिल्या दिवशी मी सांगणारच होते. पण तू रडायला लागलीस, आणि डोळा जरा कमी ठणकायला लागला. दुसऱ्या दिवशीपण तसंच. म्हणून मग मी तुझी वाट बघायला लागले.”

हे ती मला अशा आवाजात सांगत होती, डॉक्टरांना सांगावं तसं. त्यात लाज नव्हती आणि खोटंही नव्हतं. मी हात उगारला होता, कानाखाली द्यायला. त्या बँडेजकडं बघून तो खाली घेतला.

“मग आता ठणकू दे,” मी म्हणाले, आणि निघाले.